गाळलेला उतारा : मराठी साहित्यातील पीडित मूल आणि आपण वाचक

सौंसरच्या आमच्या मंडळाने गणेशोत्सवात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ करायचे ठरवले, त्याला तीसएक वर्षे होऊन गेली. नागपूरला नाटक पाहून आलेल्या दोघा-तिघांचा तो हट्ट होता. मी मराठीचा मास्तर, म्हणून संहिता दोन तासांत बसवण्याचे काम माझ्याकडे आले. एका संध्याकाळी तालमीला गावातले एक वडीलधारे गृहस्थ येऊन बसले. सगळे ऐकून घेतल्यावर जाताना म्हणाले, “गुरुजी, समोर पोट्टे-पोट्ट्या बसतात, बायाबापड्या बसतात. ते मामाचं तेवढं काढून टाका.” मी पेन्सिल घेतली आणि काढून टाकले. नाटक रंगले, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी चौकात कौतुकही झाले. कथानकात काही तुटल्याचे कोणालाच जाणवले नाही.

पुढे काही वर्षांनी एका माहेरवाशिणीने वाचायला पुस्तक मागितले, तेव्हा मी तिला तेच नाटक दिले. परत करताना ती म्हणाली, “गुरुजी, यातलं मामाचं आपल्या नाटकात नव्हतं न जी.” मी म्हणालो, “वेळ पुरत नव्हता.” ती थोडी थांबली आणि गेली. तिने पुढे काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. तिला काही सांगायचे होते की नुसतीच वाचकाची चिकित्सा होती, हे मला आजही कळलेले नाही. मी तिच्याशी खोटे बोललो, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे.

मराठी साहित्याने मुलांवरील अत्याचाराचा विषय टाळला, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. मला ती तितकीशी खरी वाटत नाही. आपल्या लेखकांनी हे मूल वेळोवेळी पानावर आणून उभे केले आहे. ते आपण दुसऱ्याच नावाने वाचले, आणि जिथे दुसरे नाव सापडले नाही तिथे पेन्सिल चालवली. तीन प्रसिद्ध कृती घेऊन हे तपासून पाहू.

पहिली ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ती क्रमशः आली. यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते. लहानपणीचे लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि शंकरमामंजींनी जबरदस्तीने करवलेले केशवपन. तिच्या शेजारी दुर्गी आहे. वयाने पोरच, पण नवऱ्याच्या जाचात सापडलेली. कादंबरी येत होती तोच काळ संमतिवयाच्या वादाचा होता. १८९० मध्ये कलकत्त्याची फुलमणी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मरण पावली आणि १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. तेवढ्या दोन वर्षांसाठी पुण्यात रणे माजली.

ही कादंबरी आपण सामाजिक सुधारणेची म्हणून वाचतो. परीक्षेत प्रश्न येतो, ‘तत्कालीन समाजस्थिती स्पष्ट करा.’ तत्कालीन! या एका शब्दाने यमू आणि दुर्गी शंभर वर्षे मागे ढकलल्या जातात. आपट्यांनी मात्र प्रश्नचिन्ह शीर्षकातच ठेवले होते, आणि त्यांचा रोख रूढीइतकाच बघणाऱ्यांवर होता. यमूच्या भोवती माणसे थोडी नाहीत. घर भरलेले आहे. आई आहे, सासू आहे, नात्यागोत्याची माणसे येतात-जातात. मूल एकटे पडते ते अशा भरल्या घरात, आणि कादंबरीची खरी भेदकता मला यातच दिसते. मूल सांगत नाही असे आपण म्हणतो. यमू तर अख्खी कादंबरीभर सांगतेच आहे.

दुसरी कृती अर्थातच तेंडुलकरांची. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात नाटकवाल्यांची एक मंडळी गावात येऊन वेळ घालवायला खोटा खटला उभा करते आणि लीला बेणारेला आरोपी करते. खेळता खेळता खेळ खरा होतो. एक साक्षीदार तिच्या पूर्वायुष्यातली गोष्ट पुढे आणतो : चौदा-पंधरा वर्षांची असताना तिचे सख्ख्या मामाशी ‘प्रकरण’ होते आणि त्यातून तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कोर्ट हे काय म्हणून नोंदवते? तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून. मामाला कोणी साक्षीला बोलवत नाही. प्राध्यापक दामलेही शेवटपर्यंत येत नाही. पिंजऱ्यात ती एकटीच.

या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. मध्यमवर्गाचा दांभिकपणा, स्त्रीची कोंडी, भ्रूणहत्येचा आरोप, खेळातून उलगडणारे क्रौर्य, हे सगळे योग्यच आहे. पण त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीपाशी आपण किती वेळ थांबतो? शेवटच्या स्वगतात बेणारे स्वतः ती गोष्ट सांगते. कडक शिस्तीचे घर, त्यात तिच्या उमलत्या देहाचे कौतुक करणारा एकच माणूस, तिला वाटलेले प्रेम, लग्नाचा तिचा हट्ट, आईचा विरोध आणि त्या पुरुषाने काढलेला पळ. ती सांगत असते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसे गोठून उभी असतात. कोणाच्या कानी ते जात नाही.

तेंडुलकरांची नजर इथे किती अचूक आहे पाहा. बेणारे त्या संबंधाला एकीकडे प्रेम म्हणते आणि दुसरीकडे पापही म्हणते. प्रेम हा शब्द तिला मामाने दिला, पाप हा शब्द कोर्टाने. तिसरा शब्द तिच्यापाशी नाही. जाणत्या वयाच्या नातेवाइकाने शाळकरी मुलीचा विश्वास वापरून घेतला, हे वाक्य त्या नाटकात कोणीच उच्चारत नाही, तीसुद्धा नाही. अत्याचार झालेल्या मुलाची अडचण बहुधा हीच असते. मारणारा नेहमी राक्षसासारखा दिसत नाही. तो खाऊ आणतो, कौतुक करतो, ‘आपल्या दोघांतलं गुपित’ म्हणतो. मुलाला तो माणूस आवडतो आणि त्याचे वागणे आवडत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. पुढे मूल दोष स्वतःकडे घेते. आजच्या कायद्यात, म्हणजे २०१२ च्या पोक्सोत, अठरा वर्षांखालच्या मुलाची ‘संमती’ ही सबब चालत नाही, आणि गुन्हा करणारा रक्ताच्या नात्यातला असेल तर तो अधिक गंभीर धरला जातो. बेणारेला पापी ठरवणारे कोर्ट आज स्वतःच पिंजऱ्यात उभे राहिले असते.

आणखी एक. नाटकाच्या सुरुवातीला बेणारे हसते, गुणगुणते, इतरांच्या नकला करते. ती वक्तशीर शिक्षिका आहे, मोठ्यांपेक्षा मुले तिला जास्त भावतात. तिचे तगणे आहे ते हेच. सोसलेले माणूस सदा रडवेले दिसले पाहिजे, ही आपली समजूत ती पहिल्या काही मिनिटांत मोडते. मी ‘मामाचं तेवढं’ काढले तेव्हा या हसण्याखालचा आधारच काढून घेतला. आमच्या प्रयोगातली बेणारे नुसती अवखळ दिसली आणि प्रेक्षकांनी कोर्टाची बाजू घेतली. टाळ्या कशाला पडत होत्या, हे आता कळते.

तिसरी कृती डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’, १९९४ सालचे. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा. बापाचे नाव नाही. आई दूर गेल्यावर आजोळच्या घरात मार, उपास आणि राबणूक. त्यातून शिकत शिकत तो डॉक्टर होतो. ही आत्मकथा गाजली. पण तिच्याबद्दल जे बोलले गेले त्यात एक सूर माझ्या कानांवर वारंवार आला : ‘त्यांच्यात असंच असतं.’ म्हणजे यमूला आपण काळाच्या पलीकडे ठेवले, बेणारेला मुंबईत ठेवले आणि किशोरला जातीच्या पलीकडे.

हे ठेवणे किती पोकळ आहे ते केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालाने दाखवले. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे तरी ओळखीचे आणि विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. आता वर आलेल्या तीन कृती पुन्हा आठवा. मामंजी, मामा, आजोळ. तिन्हींत अन्याय करणाराला नात्याचे नाव आहे. आकडे पुढे जे सांगणार होते ते मराठी लेखकांनी आधीच सांगून ठेवले होते.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक दुरावा मिसळतो, तो भाषेचा. १९५६ पर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती, मग आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि २०२३ पासून सौंसर-पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेच्या पाटीवर हिंदी, ठाण्यात हिंदी. लहान मूल आईला सांगेल तेव्हा म्हणेल, “मले त्या काकाकडे नाही जाचं.” एवढेच म्हणेल. ‘यौन शोषण’ हा शब्द त्याने ऐकला असलाच तर हिंदी वर्तमानपत्रातून, दूरच्या कुठल्या शहराच्या बातमीत. त्या शब्दाशी स्वतःच्या पोटातल्या भीतीची गाठ ते घालू शकत नाही. आणि घरचे मराठी मदतीला येते ते ‘झाकली मूठ’ घेऊन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण आपल्याच भाषेतली. ती कोणाबद्दल आहे याचा विचार आपण केला नाही.

पोक्सोत या बाबीचा विचार झाला आहे, हे आपल्याकडच्या पालकांना ठाऊक असावे. मुलाचा जबाब त्याने जसा सांगितला तसाच, विश्वासातल्या माणसाच्या समोर नोंदवायचा असतो. मुलाला नोंदीची भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यायचा असतो. पोलिसांनी गणवेशात यायचे नसते. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मराठी मूल मराठीतच बोलेल, हा त्याचा हक्क आहे.

शब्द नीट न वाचल्याने काय होते त्याचे उदाहरण आपल्या जवळच्याच नागपूरचे. पेरू देण्याच्या निमित्ताने घरात नेलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात १९ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ रद्द केला आणि हेतूला महत्त्व दिले. ‘स्पर्श’ या एका शब्दाचे ते वाचन होते. चुकीच्या वाचनाने मूल दुसऱ्यांदा दुखावते, हे आपण टीकाकारांनीही लक्षात ठेवावे.

मग चांगला वाचक काय करतो? तो खुणा एकत्र ठेवून पाहतो. पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल, एकाच घरी किंवा एकाच माणसाकडे जायला नकार, कारण न सापडणारी पोटदुखी, अभ्यासातून अचानक उडालेले लक्ष, वयाला न शोभणारी माहिती, दचकणारी झोप. यातली एकच खूण म्हणजे पुरावा नव्हे, तशी दुर्लक्ष करण्याजोगीही नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत फुटलेले डोके सगळ्या गावाला दिसते, लगेच पट्टी बांधली जाते. ही जखम दिसत नाही म्हणून तिला वाचावे लागते. मूल सांगू लागले की त्याला मध्येच तोडू नये. ‘आधी का नाही सांगितलंस’ हा प्रश्न गिळून टाकावा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये, संशयित माणसाच्या समोर उभे करू नये. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही,’ एवढी दोन वाक्ये घरच्या भाषेत म्हणावीत. ‘मले पटलं तुयं’ एवढे आजी म्हणाली तरी पुष्कळ होते.

सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. सगळ्यांनाच पुस्तक लिहून मोकळे होता येत नाही, आणि तशी सक्तीही कोणी करू नये. कोणाला समुपदेशक लागतो, कोणाला अनेक वर्षे लागतात, कोणी आयुष्यभर एकाच माणसाला सांगते आणि तेवढ्यावर उभे राहते. पण डॉ. काळ्यांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ मला या बाबतीत फार सांगून जाते. बापाच्या जागी आईचे नाव आहे. ज्या गोष्टीने त्या मुलाला खाली मान घालायला लावली असती, ती त्याने ठळक अक्षरांत छापली आणि लाज होती तिथे परत पाठवली.

मंडळातली तरुण मुले पुन्हा ‘शांतता!’ करायचे म्हणतात. जुनी संहिता माझ्याकडेच आहे. पेन्सिलीच्या रेघा अजून पुसट झालेल्या नाहीत, पण खोडरबराने जातात. मी ती मुलांना देणार आहे आणि एकच अट घालणार आहे, की प्रयोग संपल्यावर अर्धा तास कोणी घाईने खुर्च्या उचलायच्या नाहीत. एखाद्याला बोलायचे असेल तर त्याला ऐकणारे माणूस तिथे असले पाहिजे. त्या माहेरवाशिणीच्या वेळी मी नव्हतो.