‘अधांतर’ आणि गिरणगावाची अपुरी एकजूट

दिवंगत जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर एका गिरणी कामगाराच्या कुटुंबाची झालेली वाताहत त्यात आहे. मुलांपैकी एक लेखनात, एक क्रिकेटच्या गप्पांत, तर एक टोळीच्या वाटेने गेलेला. आणि घर सावरू पाहणारी आई. संपावर व्याख्यान न देता संपाचे परिणाम चार भिंतींत आणणे, हे या नाटकाचे थोरपण आम्ही निःसंकोच मान्य करतो.

आमचा आक्षेप आहे तो त्याच्या एका रूढ वाचनावर. गिरणगावात एकसंध कामगारवर्ग होता. १९९१ च्या आर्थिक धोरणाने त्याची उपजीविका हिरावली आणि १९९२-९३ च्या दंगलींनी त्याला धर्माच्या नावाने फोडले, असे हे वाचन सांगते. पहिल्या भागात तथ्य आहे. १९९१ च्याच विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या केल्या. २००१ च्या दुरुस्तीने त्यातील सार्वजनिक वाटा केवळ रिकाम्या भूखंडापुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

परंतु एकसंधता कोणती? विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. तेथे धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे. म्हणून विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या संपात ही बंदी उठविण्याची मागणी बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांपुढेच हट्टाने मांडावी लागली. (हा अनुभव कोणत्या वर्गसिद्धान्तात बसवायचा?) तरीही ते वर्गलढ्यापासून दूर राहिले नाहीत. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही असे दोन शत्रू दाखविले आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या संपात ते कम्युनिस्टांसह उभे राहिले.

ही भेग बुजली नाही. १९७० साली कॉम्रेड कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतरची पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. १९७४ साली वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली, ती दलित पँथर आणि शिवसेना यांच्यात. तेव्हा उदारीकरणाचा मागमूसही नव्हता. उदारीकरणाने केले ते निराळेच. गिरणीचा दरवाजा ही सर्व जातिधर्मांचे लोक एका मागणीसाठी जमण्याची एकमेव जागा होती, ती गेली. उरली ती गल्ली, मंडळ आणि शाखा. तेथे माणूस कामगार म्हणून जमत नाही.

याचा दोष केवळ डाव्यांच्या माथी मारणे सोयीचे होईल. मनमाडचा पहिला शत्रू आमच्या व्यासपीठांवरून दरवर्षी सांगितला जातो. दुसऱ्याची आठवण होते ती सरकारी उद्योग विकले जाऊन राखीव जागा घटल्या, एवढ्यापुरतीच. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत कंत्राटावर सफाई करणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी हा विषय आमच्याही कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो.