‘स्मृतिचित्रां’तील शांती

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे मराठीतील निर्मळ विनोदाचा उत्कृष्ट नमुना होय, असे आम्ही पंचवीसाहून अधिक वर्षे वर्गात सांगत आलो. हे विधान खोटे नव्हे. परंतु ते किती अपुरे आहे, हे आम्हांस शहापूर-मुरबाडकडच्या एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. दिवस एप्रिलचे होते. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईस जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर या दिवसांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेस लागलेले असतात. ही मुलगी अशाच एका रांगेतून उठून वर्गात आली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक हाती आलेला पैसा वाटेतच कोणा गरजूस देऊन प्रसन्न मनाने घरी येत, हा भाग आम्ही अंमळ रंगवूनच सांगत होतो व वर्ग हसत होता. तिने विचारले, “सर, मग त्या दिवशी बाईंनी चुलीवर काय ठेवले?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे सुटीत पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले, ते या एका प्रश्नाचे बोट धरून.

धर्मांतराच्या आत्मकथेचा एक ठरीव साचा आहे. आरंभी अंधार, मग तळमळ, मग एक दिव्य क्षण आणि त्यापुढे अखंड शांती. संत ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनात मिलानमधील बागेचा प्रसंग हा तो क्षण. आपल्याकडे 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त प्रकाश हळूहळू फाकतो खरा, परंतु तो मुख्यतः वादविवादाच्या व ग्रंथवाचनाच्या खिडकीतून येतो. पंडिता रमाबाई अधिक रोखठोक. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तरी आपणांस ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो कित्येक वर्षांनी, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले आहे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईस धर्मपंथ आणि आधार यांतील अंतर दुसऱ्या कोणी समजावून सांगावयाचे कारण नव्हते.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात असा क्षण शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी बाईंच्या वाट्यास आले ते नवऱ्यापासून तुटलेपण, पंढरपुरातील परावलंबी दिवस, पदरी एक लहान मूल आणि वेड लागेल की काय अशी अवस्था. ज्या श्रद्धेने पतीस शांती दिली, तिनेच पत्नीची शांती हिरावून घेतली, हे सत्य ‘स्मृतिचित्रे’ कोठेही लपवीत नाहीत. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुवावयास लावणाऱ्या बापाची ही लेक! जातिभेद ईश्वराने केला असता तर माणसामाणसांच्या देहांतच काही फरक दिसला असता, हा त्यांचा विचार कोणा मिशनऱ्याकडून उसना आणलेला नाही. तो स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बुद्धीचा आहे. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तो प्रसंग सांगतानाही त्यांचा स्वर चढत नाही.

मग शांती आहे कोठे? आमच्या मते ती निवेदनाच्या स्वरात आहे. ज्या दुःखाने एके काळी प्राण कंठाशी आणले, तेच दुःख ही बाई पुढे हसत सांगू शकते, आणि त्या हसण्यात पतीविषयी कडवटपणाचा लवलेश नाही. आम्ही ज्यास विनोद म्हणत होतो, तो वस्तुतः तिच्या विश्वासाचा पुरावा होता.

मात्र टिळकांचा विश्वास आणि लक्ष्मीबाईंचा विश्वास एक नव्हे. उद्याची चिंता करू नका, हा येशूचा उपदेश टिळकांनी अक्षरशः आचरला. 1917 साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. या निर्भयतेपुढे आम्ही नतमस्तक आहो. परंतु उद्याची चिंता सोडणाऱ्याच्या घरात आजचे पीठमीठ कोणास तरी पाहावेच लागते. टिळकांनी ईश्वरावर भरवसा ठेवला; बाईंना ईश्वरावर आणि टिळकांवरही ठेवावा लागला, आणि या दोहोंत दुसरा अधिक कठीण होता असे त्यांचे पुस्तक वाचताना वारंवार वाटते. त्या भांडतात, रुसतात, चार खडे बोल सुनावतात आणि पुन्हा चुलीपाशी जातात. हा भाबडेपणा असता तर भांडण उरले नसते. टिळकांच्या अभंगांत भक्ताची जी आर्तता आहे तिचे आम्ही चाहते आहो. तथापि त्या अभंगांमागच्या घराचा जमाखर्च याच पुस्तकात आहे, आणि तो वाचल्यावाचून अभंगांची किंमत पुरती कळत नाही, असे आम्ही प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नसूनही म्हणतो.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही ठिकाणी बाई आपल्यावरचा अन्याय इतक्या लवकर हसण्यावारी नेतात की वाचकास त्यांच्या वतीने रागावावेसे वाटते. आमच्या विद्यार्थिनीस तसेच वाटले असावे. तो राग बाईंनी गिळला की तो खरोखरच विरला, हे पानांवरून नेहमी ठरविता येत नाही.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य ते अपुरे ठेवून गेले. अध्याय जेमतेम अकरा झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. 1936 साली त्यांचा अंत झाला. पतीने वाटून टाकलेल्या पैशांचा हिशेब जिने आयुष्यभर हसत मांडला, तिने त्याचे अर्धवट राहिलेले काम मात्र वाटेत सोडून दिले नाही.

पाठ्यपुस्तकांत आमच्या पाहण्यात आलेले उतारे बहुधा टिळकांच्या विसराळूपणाचे व फजितीचेच असतात. यंदा आम्ही पंढरपूरच्या दिवसांपासून शिकवावयास आरंभ केला. वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून त्या मुलीने हात वर केला. पुस्तक घरी न्यावयास मिळेल काय, आईला वाचून दाखवावयाचे आहे, एवढेच तिचे म्हणणे होते.