जुन्या कॅमेऱ्यांचे नवे अवतार

दुर्मिळ झालेल्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे रसिक प्रथम तिचा कागद चाचपतो, मग मुद्रणाच्या चुका शोधतो, आणि अखेरीस 'जुनी ती जुनीच' असा शेरा मारून मोकळा होतो. फिल्मवर चित्रें घेणाऱ्या अंतरमापक कॅमेऱ्यांच्या बाबतींत नेमकें असेंच चाललें आहे. जपानच्या निकॉन कंपनीनें आपला १९५८ चा एस-३ हा कॅमेरा २००० सालीं व १९५७ चा एसपी २००५ सालीं पुन्हा बनविला. जर्मनींतील लायका कंपनीनें १९८४ मध्यें प्रथम निघालेला एम-६ ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हा बाजारांत आणला. हे नवे अवतार मूळच्या तोडीचे आहेत काय, यावर शौकिनांत पुष्कळ वाद होतो. आमच्या मतें तो वाद बहुधा भलत्याच कसोटीवर चालतो, आणि म्हणूनच त्याचा निकाल लागत नाहीं.

या कॅमेऱ्याची घडण थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण मोबाइलनें चित्रें घेणाऱ्या घरांतून त्याची ओळख आतां राहिलेली नाहीं. यांत आपण भिंगांतून पाहत नाहीं, तर शेजारच्या स्वतंत्र खिडकींतून पाहतों. कांहीं अंतरावर दुसरी एक लहान खिडकी असते. तिच्यांतून येणारी प्रतिमा आरसा व लोलक यांच्या साह्यानें पहिल्या खिडकीच्या मध्यावर, एका उजळ चौकोनांत पडते. भिंग फिरविलें कीं ही दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या कीं अंतर साधलें. आपले दोन डोळे ज्या न्यायानें अंतर ओळखतात, त्याच्या जवळचाच हा न्याय आहे. लायकाच्या एम-६ मध्यें या दोन खिडक्यांतील अंतर ६९.२५ मिलिमीटर आहे. इतक्याशा पायावर सारा हिशेब उभा असल्यामुळें एखादा लोलक केसभर ढळला तरी चित्र बिघडतें.

अगदीं जवळचें फूल किंवा फार दूरचा पक्षी यानें नीट साधत नाहीं. उलट चौकटीबाहेरचेंही दिसत राहतें, आणि चित्र घेण्याच्या क्षणीं आरसा वर उडावयाचा नसल्यामुळें आवाज फारच थोडा होतो. आमच्या केळशीस चैत्रांत महालक्ष्मीचा रथ निघतो. त्या गर्दींत उभें राहून ज्यानें चित्रें घेतलीं असतील, त्यास पुढच्या क्षणीं चौकटींत कोण पाऊल टाकणार हें आधींच दिसण्याची किंमत सांगावयास नको. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत गांधीजींना त्यांच्या मृत्यूपूर्वीं थोडाच वेळ भेटलेले व मग अंत्ययात्रेचीं चित्रें घेणारे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे याच कुळांतला लायका वापरीत.

आतां निकॉनकडे वळूं. १९५९ सालीं निकॉन एफ निघाला आणि कंपनीचें लक्ष आरशाच्या कॅमेऱ्यांकडे गेलें. त्यामुळें चाळीस वर्षांनीं एस-३ पुन्हा करावयाचा म्हणजे केवळ जुने आराखडे काढून भागण्यासारखें नव्हतें. जुळणीचें हातकाम नव्या माणसांस नव्यानें शिकावें लागलें. रुपेरी एस-३ चे आठ हजार नग निघाले, पुढें एसपीचे अडीच हजार. त्यांच्या कारागिरीस नांवें ठेवण्यास जागा नाहीं. परंतु इमान राखण्याची हौस इतकी, कीं मूळच्या उणिवाही जशाच्या तशा राहिल्या. एस-३ च्या खिडकींत ३५, ५० व १०५ मिलिमीटरच्या तीनही चौकटी एकदम दिसतात, आणि वस्तु जवळ आली तरी त्या जागच्या हलत नाहींत. म्हणून जवळून घेतलेल्या माणसाचा माथा कापला जाण्याची जी भीति १९५८ त होती, ती २००० तही राहिली. गंमत अशी, कीं एसपीमध्यें ही अडचण निकॉननेंच १९५७ सालीं दूर केलेली होती. बरोबर दिलेल्या भिंगावर मात्र आधुनिक बहुस्तरी लेप आहे, म्हणजे इमानाला तेथें सोईपुरती सूट मिळाली! या कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळसे आजही मूळच्या खोक्यासह, एकही फिल्म न घातलेले, विकावयास येतात. मूळचा एस-३ वापरासाठीं बनला होता. त्याची ही अक्षरशः प्रतिकृति कपाटासाठीं बनली. सर्व स्क्रू जागच्या जागीं आणि प्रयोजन तेवढें नाहींसें, यास बरोबरी म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

लायकानें दुसरा मार्ग धरला. मूळच्या एम-६ चें वरचें झांकण जस्ताच्या मिश्रधातूचें ओतीव होतें. पुढें त्याच्या मुलाम्याखालीं फोड येतात, हें जुने मालक जाणतात. नव्याचें झांकण पितळेच्या ठोकळ्यांतून कोरलेलें आहे. मूळच्या खिडकींत तिरपा प्रकाश आला कीं तो उजळ चौकोन पांढरा पडे व ऐन वेळीं अंतर सांपडेनासें होई; नव्यांत २००३ च्या एमपी या कॅमेऱ्याची सुधारलेली खिडकी बसविली आहे. प्रकाशमापकाच्या दोन तांबड्या बाणांच्या मध्यें एक ठिपका वाढला. बाकी तोच कापडी पडदा, तोच एक सेकंदापासून एक-हजारांश सेकंदापर्यंतचा वेग, आणि विद्युद्घट संपला तरी पडद्याचें चालणें तसेंच. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. पुढच्या तांबड्या ठिपक्यावर 'लाइट्झ' हें नांव पुन्हा घातलें आहे. आरंभींच्या एम-६ वर तें होतें हें खरें. परंतु १९८६ सालीं कंपनीनें लायका हें नांव घेतलें, आणि त्यानंतरच्या एम-६ वरही तेंच आलें. कॅमेरा सुधारावयाचा आणि बिल्ला मात्र जुना लावावयाचा, हा स्मरणरंजनाचा व्यापार झाला. तो सोडला, तर नवा एम-६ जुन्याशीं कमी एकनिष्ठ असूनही त्याच्या अधिक जवळचा आहे. कारण तो रस्त्यावर नेण्यासाठींच बनविलेला आहे.

'पण चित्रांत तो जुना गोडवा येतो काय?' असें विचारलें जातें. कॅमेऱ्याचा सांगाडा प्रकाशास शिवत नाहीं. तो पेटी आहे, पडदा आहे आणि अंतर सांगणारी खिडकी आहे. चित्र घडतें भिंगानें आणि फिल्मनें. आणि फिल्म तरी जुनी कोठें राहिली आहे? १९३५ सालीं आलेली कोडाक्रोम २००९ मध्यें बनविणें बंद झाली, व २०१० च्या अखेरीनंतर ती धुऊन देणारी प्रयोगशाळाही राहिली नाहीं. १९५८ चा अस्सल एस-३ आज हातीं घेतला, तरी १९५८ चें चित्र त्यांतून निघावयाचें नाहीं. मूळ कॅमेरा स्वतःशींच जुळेनासा झाला असतां, नवा त्याच्याशीं जुळत नाहीं म्हणून रुसण्यांत अर्थ नाहीं. शिवाय आपण तुलना करतों ती साठ-सत्तर वर्षें हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तूशीं. ती नवी असतांना कशी चाले, हें सांगणारे हात आतां फार थोडे उरले.

खरी परीक्षा आमच्यासारख्या समुद्रकांठच्या गांवांत होते. भारजेच्या मुखाशीं वसलेल्या या गांवीं चार महिने भिंती ओल सोडीत नाहींत, हवेंत मीठ आणि किनाऱ्यावर बारीक वाळू. कपाटांतल्या भिंगास बुरशी धरते. जुन्या एम-३ मधील लोलकांना जोडणारें बाल्सम वयोमानानें किंवा धक्क्यानें सुटतें आणि खिडकी अंधारी होते. जून २०२० च्या निसर्ग वादळांत या पट्ट्यांतील कित्येक घरांचीं कौलें उडालीं, तेव्हां कपाटांतल्या वस्तूंचें काय झालें असेल याची कल्पना करावी. येथें नव्याची बाजू उघड उघड जड आहे. लायकानें १९३५ चें 'थांबार' हें मृदु चित्रांचें भिंग २०१७ सालीं फिरून काढलें, तेव्हां त्याची मूळची रचना राखून कांचेवर एक पातळ लेप दिला. तो चित्र बदलण्यासाठीं नव्हे, मुख्यतः कांच हवेनें खराब होऊं नये म्हणून. पुनर्निर्मिति कशी असावी याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. एक दोष मात्र नव्या-जुन्या दोहोंत समान आहे. भिंगामागें आरसा नसल्यामुळें सूर्याकडे रोखून ठेवल्यास कापडी पडद्यास भोंक पडतें. पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या नादीं लागणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

राहतां राहिली किंमत. नवा एम-६ निघाला तेव्हां अमेरिकेंत त्याचे ५,२९५ डॉलर पडत, तेही भिंगाशिवाय. मध्यम स्थितीच्या कुटुंबानें याला चैन म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं. त्यांतून जुन्या एम-६ च्या प्रकाशमापकाचे सुटे भाग आज दुरापास्त झाले आहेत, तोच प्रसंग तीस वर्षांनीं नव्यावरही येईल. ज्यास हा धोका नको, त्याच्यासाठीं त्याच कंपनीचा २०१४ चा एम-ए हा कॅमेरा आहे. त्यांत विद्युद्घटच नाहीं. आणि ज्याच्या घरीं वडिलांचा किंवा मामांचा जुना लायका आहे, त्यानें तो विकण्याची घाई करूं नये. भिंग काढून, पडदा दिव्यासमोर धरून बारीक भोकें दिसतात का पाहावें. मग निरभ्र रात्रीं भिंग पुन्हा चढवून अनंताच्या खुणेवर ठेवावें व खिडकींतून चंद्राकडे पाहावें. उजळ चौकोनांतले दोन चंद्र एकमेकांवर नीट बसले, तर यंत्र अजून शाबूत आहे; बाजूस किंवा वरखालीं सरकलेले दिसले, तर तें प्रथम जाणत्या कारागिराकडे पाठवावें आणि नव्याची चौकशी त्यानंतर करावी.