रोज एक नाटक

अमेरिकेतील नाटककार सुझान-लोरी पार्क्स यांनी १३ नोव्हेंबर २००२ पासून रोज एक नाटक लिहायला घेतले, तेही वर्षभरासाठी. त्याच वर्षी 'टॉपडॉग/अंडरडॉग' या नाटकाबद्दल त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. नाट्यलेखनासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. एवढा मान पदरात पडल्यावर माणूस सत्कार घेत फिरतो. एका संग्रहाच्या बळावर दहा वर्षे मुशायरे गाजवणारे आपणही पाहिले आहेत. या बाई मात्र पुन्हा वहीकडे वळल्या.

यातली बरीचशी नाटके पान-दोन पानांची, काही तर मोजक्या ओळींची आहेत. पहिल्याच नाटकात कृष्ण आणि अर्जुन भेटतात. आपल्याला ही मंडळी परकी नाहीत. दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांचेच होते. निघण्याआधी थबकलेला अर्जुन पार्क्सबाईंनी आरंभीच का उभा केला, हे ज्याने कोऱ्या कागदासमोर तासभर काढला आहे त्याला सांगावे लागत नाही.

पुढे १३ नोव्हेंबर २००६ पासून वर्षभर ही नाटके अमेरिकेत गावोगावी झाली. सातशेहून अधिक संस्थांनी ती केली. परवान्याचे मूल्य दिवसाला एक डॉलर आणि प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य. मोठ्या नाट्यगृहाइतकाच हक्क लहान मंडळींना मिळाला. आम्हांला हा व्यवहार त्या नाटकांइतकाच मोलाचा वाटतो.

तरीही समीक्षा करायची तर भीड ठेवून चालणार नाही. सलग वाचू लागल्यावर हे पुस्तक कित्येक ठिकाणी सैल पडते. काही पाने म्हणजे नाटकाची नुसती चाहूल आहे. पात्र येते, एक वाक्य बोलते आणि दिवस संपतो. मात्र युद्धावरून घरी परतणाऱ्या बापाचा विषय पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक वेळी दार उघडते आणि घर वेगळे दिसते. रोजच्या रियाजातून काय हाती लागते ते इथे कळते. एका बैठकीत हे साधले नसते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. म्हणून पार्क्सबाईंच्या चरित्रातील दोन शिक्षक आमच्या मनातून जात नाहीत. शाळेतील एका शिक्षकाने त्यांना सांगितले, तुझे स्पेलिंग कच्चे आहे, साहित्याच्या वाटेला जाऊ नकोस. वडील सैन्यात असल्याने या मुलीचे काही शिक्षण जर्मनीत, तेही जर्मन भाषेतून झाले होते. दुसरे शिक्षक जेम्स बॉल्डविन. आपली कथा वाचताना ही विद्यार्थिनी पात्रांचा अभिनयच करते, हे त्यांनी हेरले आणि नाटक लिही म्हणून सुचवले.

आम्ही यांपैकी कोण? बी.एड.ला बॉल्डविनसारखे होण्याचे धडे मिळाले, पण तांबडी शाई हातात आली की पहिला शिक्षकच अंगात येतो. आमच्या मुलांच्या मराठीत 'बाळ'चा 'बाल' होतो, 'पाणी'चे 'पानी'. वहीभर गोल काढून आम्ही परत देतो. त्या वाक्यात काय म्हटले होते, हे कितीदा वाचायचेच राहून गेले असेल!

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क बंद पडले, तेव्हा पार्क्सबाईंनी पुन्हा रोजचे नाटक सुरू केले. या वेळी पात्रांत त्या स्वतः, पती आणि लहान मुलगा. घरात साथीची धास्ती, बाहेर ब्रिओना टेलर आणि जॉर्ज फ्लॉइड यांचे मृत्यू. 'प्लेज फॉर द प्लेग इयर' या नावाने हे सारे २०२२ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये रंगमंचावर आले. लेखिकेची भूमिका त्यांनी स्वतः केली, गिटार घेऊन गाणीही म्हटली. नटसंचात कोविड शिरल्याने प्रयोग मध्येच थांबवावे लागले. आमच्या मते आधीच्या ३६५ नाटकांपेक्षा ही अधिक घट्ट आहेत, कारण इथे तारखेलाच वजन आहे. कोणत्या दिवशी कोण गेले, हे लिहिणे हेच त्या दिवसाचे नाटक.

आपल्याकडेही ते वर्ष होतेच. कब्रस्तानात चार माणसांनी उरकलेले दफन, भाजीवाल्याला आधी नाव विचारणारे गिऱ्हाईक. आम्ही तेव्हा काहीच लिहिले नाही. सवड भरपूर होती, सवय नव्हती.

पब्लिक थिएटरच्या दालनात पार्क्सबाई सर्वांसमोर बसून लिहीत आणि आलेले लोकही आपापले काम करीत. मग त्या कामाविषयी प्रश्नोत्तरे होत. त्याची नक्कल म्हणून आम्ही सातवीच्या वर्गात रोज दहा मिनिटे ठेवली. मुले लिहितात, आम्हीही लिहितो. आमचे बहुतेक टाकाऊच असते. एका मुलाने सहा ओळींचे नाटक आणले : पहाटे बाप-लेक बादल्या घेऊन नळापाशी उभे आहेत, नळ कोरडा आहे. वहीत 'नल' आणि 'पानी' असेच होते. दोन मुलांनी ते करून दाखवले. बापाचे बोलणे इतके खरे होते की मागची बाकेही गप्प झाली. 'पानी'चे 'पाणी' आम्ही दुसऱ्या दिवशी केले.