रमाईचं कुंकू आणि रमाईचा चेहरा

चित्राची समीक्षा म्हणजे रंगरेषांची उठाठेव, असं प्राध्यापक लोक समजतात. मी जालन्यात सळ्यांच्या मिलमध्ये पाळी करतो. रंगातलं मला फार कळत नाही. पण थकलेला चेहरा कळतो. म्हणून लिहितो.

जालना-अंबडच्या वस्त्यांत रमाईची कॅलेंडरी चित्रं दिसतात. गोल गोरा चेहरा, ठसठशीत कुंकू, मंद हसू. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक. रमाईच्या वाट्याला कुंकू. चित्रकारानं तिला माणूस ठेवलीच नाही, मखरात बसवली.

आता फेब्रुवारी 1934 चा राजगृहातला फोटो बघा. डावीकडून यशवंत, बाबासाहेब, रमाई, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि टॉबी कुत्रा. परळच्या चाळीतून दादरच्या स्वतःच्या घरात आलेलं कुटुंब. तरी ही बाई हसत नाही. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न : चार लेकरं मातीत गेलेली. फोटोनंतर पंधरा महिन्यांनी, 27 मे 1935 ला तीही गेली.

कुणी म्हणेल, हे फोटोत थोडंच लिहिलंय? त्या काळी कॅमेऱ्यापुढं लोक गंभीरच बसायचे. कबूल. चेहरा आपणहून बोलत नाही, तारखा घेऊन गेलं की बोलतो. पण कॅलेंडरपुढं तारखा घेऊन गेलात तरी ते मुकंच. त्यात बोलायला काही ठेवलंच नाही. फरक आहे तो हा.

रमाईला पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी नेलं नाही. जो देव आपल्याला दारात उभं करत नाही त्याच्याकडं कशाला जायचं? त्यांचं बरोबरच होतं. पण तिची ओढही खरी होती. ते मंदिर आपल्याला उघडलं 1947 साली, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर. ही ओढ आपण भाषणात गाळतो. 'त्यागमूर्ती' म्हटलं की आपलं काम संपलं. मूर्ती थकत नाही, रुसत नाही, काही मागत नाही. सोयीची असते.

बाबासाहेबांनी 1940 साली पाकिस्तानवरचा ग्रंथ 'रामू'ला अर्पण केला. तिथं देवी नाही, हालात सोबत सोसणारी बाई आहे. त्यांना जी दिसली ती आपल्या चित्रकारांना का दिसू नये?

तेव्हा मित्रांनो, येत्या 27 मेला वस्तीत लावायचाच तर 1934 चा फोटो लावा. आणि तो रंगवू नका.