मत्स्यमृगयेची कथा आणि खूणपट्टी

मृगयेच्या कथेला शेवट शोधावा लागत नाही. सावज पडले की कथा संपते. शिकारकथेच्या ह्या रचनात्मक सोयीचा विचार आपल्या समीक्षेत फारसा झालेला दिसत नाही. समुद्रावरील गळाच्या शिकारीचा तर त्याहूनही कमी. वास्तविक हा विषय आपल्या परंपरेस अगदी परका नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ ह्या नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे आणि गळ टाकण्याची रीत सांगितली आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठीच्या खुणांमुळे माहीत असतो. मत्स्यविनोदाकडे मात्र प्रथम बारकाईने पाहिले ते डॉ. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने, १९५१ च्या सुमारास. भाषेच्या अभ्यासकांनी त्या पानांवरून पुढे जावे आणि मत्स्यशास्त्रज्ञाने तेथे थांबावे, ह्यात आपल्या अभ्यासाच्या सवयींविषयी काही बोध आहे. तो तूर्त बाजूस ठेवू.

प्रस्तुत लेखात ट्यूना माशाच्या दूरसागरी क्रीडामृगयेविषयी इंग्रजीत झालेल्या लेखनाचा एका मर्यादित प्रश्नापुरता विचार करावयाचा आहे. मासा गळास लावला, दमवला, नावेपाशी आणला आणि अंगात क्रमांकाची एक पट्टी टोचून पुन्हा पाण्यात सोडला, तर ह्या कथेचे काय होते?

ह्या वाङ्मयाचा ठळक प्रतिनिधी म्हणजे झेन ग्रे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेल्स ऑफ फिशिंग व्हर्जिन सीज’ ह्या पुस्तकात कोकोस आणि गालापागोस बेटांपर्यंत स्वतःच्या शिडाच्या जहाजातून केलेल्या सफरीचे वर्णन आहे. पुस्तकाच्या नावातच लेखकाची भूमिका उघड होते: समुद्र अस्पर्श आहे आणि आपण त्याचे पहिले भोक्ते आहोत. १९२७ च्या ‘टेल्स ऑफ स्वोर्डफिश अँड ट्यूना’ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरील निळ्या पराचे ट्यूना येतात. तेथे १९२४ साली ग्रे ह्यांनी ७५८ पौंडांचा मासा काढला व तो त्या काळचा विक्रम ठरला. ग्रे ह्यांचे सामर्थ्य समुद्राच्या वर्णनात आहे हे मान्य केलेच पाहिजे. पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे, रिळावरून सरसर सुटणारी दोरी ह्यांचे त्यांना खरे भान आहे. परंतु प्रकरणाची सारी गती काट्याकडे, म्हणजे वजनाच्या काट्याकडे, वाहत असते. वजन कळले की वाक्ये सैल पडतात. माशाचे पूर्वायुष्य आणि त्याचा पुढचा प्रवास ह्यांना ह्या रचनेत स्थान नाही. तो गळास लागतो त्या क्षणी जन्मतो आणि काट्यावर संपतो.

अर्नेस्ट हेमिंग्वे ह्यांनी ट्यूनाविषयी लिहावयास प्रारंभ केला तो १९२२ साली, टोरोंटोच्या एका वृत्तपत्रात, स्पेनमधील व्हिगो बंदराच्या निमित्ताने. त्यांची १९५२ ची कादंबरिका मराठी वाचकांस पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘एका कोळियाने’ ह्या अनुवादातून परिचित आहे. तीतील महामत्स्य ट्यूना नव्हे, मार्लिन आहे. ट्यूना तेथे म्हाताऱ्याचे अन्न म्हणून येतो. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचा शेवट महत्त्वाचा आहे. शार्कांनी मांस तोडून नेल्यावर किनाऱ्यास उरतो तो सांगाडा. एक कोळी त्याची लांबी मोजतो, ती अठरा फूट भरते. आणि जवळच्या उपाहारगृहात बसलेली प्रवासी स्त्री त्याच सांगाड्यास शार्क समजते. म्हणजे आकडा अचूक राहिला, अर्थ मात्र हरवला. मोजमापावर विसंबलेल्या मत्स्यकथेची याहून कठोर समीक्षा कोणा समीक्षकाने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ह्या कादंबरिकेच्या दोनच वर्षांनंतर, १९५४ मध्ये, वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेतील फ्रँक मॅथर ह्यांनी हौशी मच्छीमारांच्या हाती खूणपट्ट्या देण्यास आरंभ केला. साधन अगदी साधे: टोकास अणकुची, मागे क्रमांक व परतीचा पत्ता असलेली बारीक पट्टी, आणि सोबत एक कार्ड. कार्डावर लिहावयाचे ते इतकेच: तारीख, ठिकाण, जात, अंदाजे लांबी वा वजन. ह्या ‘अंदाजे’ शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ग्रे ह्यांच्या नायकाला तो शब्द शोभला नसता. सोडलेल्या माशाचे वजन करता येत नाही, म्हणून येथे प्रथमच शिकाऱ्याला आपल्या पराक्रमाचे माप अनिश्चित ठेवावे लागते. आणि फुगवून लिहिले तर पुढे मासा पुन्हा हाती आल्यावर वाढीचा हिशेब चुकतो. कार्डाची कोरडी भाषा ही शैलीची गरज नसून सत्याची गरज आहे.

कथेचा शेवटही हातातून जातो. १९५२ साली कॅलिफोर्नियाजवळ पट्टी लावलेला एक आल्बाकोर ट्यूना १९५३ मध्ये जपानच्या बाजूस पकडला गेला. मॅथर ह्यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ सोडलेल्या ट्यूनांपैकी दोन १९५९ साली बिस्केच्या उपसागरात मिळाले. एका किनाऱ्यावर सुरू झालेले वाक्य पाच वर्षांनी दुसऱ्याच किनाऱ्यावर, अपरिचित माणसाने पुरे केले. पहिल्या शिकाऱ्यास त्याचे श्रेय किती?

येथेच ह्या विषयावरील अलीकडच्या लेखनाशी आमचा मतभेद आहे. दूरसागरी सफरींचे आजचे मोठे केंद्र सान दिएगो हे होय. तेथून निघालेल्या नौका जिवंत आमिषाचे हौद घेऊन आठ-आठ, सोळा-सोळा दिवस मेक्सिकोच्या पश्चिमेस फिरतात. पूर्वी त्यांचे प्रिय ठिकाण रेव्हियाहिहेदो बेटे हे होते. त्यांतील सान बेनेडिक्टोजवळ १९७७ साली मिळालेला ३८८ पौंड १२ औंसांचा पिवळ्या पराचा ट्यूना तीस वर्षांहून अधिक काळ विक्रम म्हणून मिरवला. ह्या सफरींच्या वर्णनांत ‘संरक्षण’ हा शब्द आता मुक्तपणे येतो आणि खूणपट्टी त्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. परंतु ह्या नौकांवर पकडलेल्या ट्यूनांपैकी पुष्कळसे थंड पाण्याच्या कोठारात जातात व घरी नेऊन खाल्ले जातात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही; आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ट्यूनाच्याच कुळातील गेदर व कुपा खाल्ले जातात ते कोणी पाप मानीत नाही. लाज वाटावी ती गद्याची. दहा मासे कोठारात आणि एक पट्टी पाण्यात असताना सारा परिच्छेद त्या एका पट्टीवर खर्च करणे ही वाङ्मयीन अप्रामाणिकता होय.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ट्यूनाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून उष्ण असते. दीर्घ झुंजीत त्याचे शरीर आणखी तापते, स्नायूंत आम्ल साचते, आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. शिवाय साधी पट्टी बोलते ती मासा पुन्हा पकडला गेल्यावरच. पोटात शिवलेले नोंदयंत्र खोली, तापमान आणि प्रकाश टिपून ठेवते, दिवसाच्या लांबीवरून व मध्यान्हाच्या वेळेवरून माशाचे स्थान सांगते; पण तेही वाचावयास बहुधा माशाचा जीवच जावा लागतो. ठरल्या दिवशी सुटून पृष्ठभागी येणारी उपग्रहपट्टी हा अपवाद. तात्पर्य, पट्टी ही गळाची विरोधी नव्हे. ती पहिल्या मृत्यूला पुढे ढकलते आणि दुसऱ्याची वाट पाहते. ज्ञान मिळते ते धंदेवाईक मच्छीमाराने, ज्याचा क्रीडालेखक सहसा तिरस्कार करतो, पट्टी परत पाठविण्याची तसदी घेतल्यामुळे. हे वाक्य सफरवर्णनांत आम्ही शोधीत आहो. अद्याप सापडलेले नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शतकाच्या पहिल्या दशकात आंतर-अमेरिकी उष्णकटिबंधीय ट्यूना आयोगाच्या शास्त्रज्ञांनी रेव्हियाहिहेदोभोवती अशाच क्रीडानौकेवरून, हौशी प्रवाशांच्या हातांनी, मोठे ट्यूना धरून त्यांस पट्ट्या लावल्या. एवढे मोठे मासे जिवंत आणि धड अवस्थेत नावेवर घेण्याचे कौशल्य त्या हातांत होते. २०१७ मध्ये मेक्सिकोने बेटांभोवती राष्ट्रीय उद्यान जाहीर करून मासेमारी बंद केली. काही शिकाऱ्यांना तो अन्याय वाटला. त्यांचा विषाद आम्हांस कळतो, पण तोही त्यांनी विषाद म्हणूनच लिहावा, विज्ञानाच्या नावाने लिहू नये.

अटलांटिकमध्ये पट्ट्यांनी अधिक मोठे काम केले. १९८१ पासून निळ्या पराच्या ट्यूनाचे पूर्वेकडील व पश्चिमेकडील असे दोन साठे मानून पश्चिम रेखांश ४५ वर सीमा आखण्यात आली आणि दोन्ही बाजूंचा वाटा वेगळा ठरू लागला. बार्बरा ब्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक पट्ट्या लावलेले मासे ती सीमा ओलांडून येजा करताना दिसले. अंडी घालण्यास मात्र काही मेक्सिकोच्या आखातात, काही भूमध्य समुद्रात परतले. मॅथर ह्यांच्या दोन माशांनी १९५९ मध्येच हे अर्धे सांगितले होते. त्यांच्या कार्डांवर पहिल्या शिकाऱ्याने जे लिहिले, त्यात विशेषण एकही नसावे.