हेकेलच्या चित्राची फेरतपासणी

मासा, सॅलॅमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, गाय, ससा आणि माणूस. आठ प्राण्यांचे भ्रूण शेजारी शेजारी मांडलेले, आणि वाढीच्या तीन टप्प्यांच्या तीन ओळी. वरच्या ओळीत सारे जवळजवळ एकसारखे. खालच्या ओळीत मात्र प्रत्येक जण ओळखू येणारा. अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७४ साली ‘अँथ्रोपोगेनी’ या ग्रंथात छापलेले हे चित्र पुढे शंभराहून अधिक वर्षे देशोदेशींच्या पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. उत्क्रांती शिकवताना ते फळ्यावर काढण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा, असे आम्हांला वाटते. का, ते पाहू.

चित्रात अचूकपणाचा दोष आहेच. हेकेलने १८६८ च्या एका पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून एकच ठसा तीनदा छापला होता. बाझलच्या रुटिमायर यांनी हे उघडकीस आणल्यावर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. १८७४ च्या चित्रांवर विल्हेल्म हिस यांनी कडक टीका केली. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन व सहकाऱ्यांनी अनेक पृष्ठवंशीय प्राण्यांचे खरे भ्रूण तपासले, तेव्हा आकारमानात, शरीराच्या खंडांच्या संख्येत, इतकेच काय, हातापायांचे अंकुर फुटलेले असण्या-नसण्यातही मोठे फरक दिसले. हे फरक चित्रात पुसले गेले आहेत.

पण त्याहून मोठा दोष चित्रामागच्या कल्पनेत आहे. गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या प्रौढ अवस्थांची उजळणी करतो, असे हेकेलचे म्हणणे. म्हणजे माणूस आधी मासा, मग बेडूक, मग पुढचा. हातापायांचेच पाहा. मानवी भ्रूणात चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हाताचा अंकुर दिसतो, पायाचा एक-दोन दिवसांनी. अंकुराचे टोक वल्ह्यासारखे चपटे होते. मग बोटांमधल्या पेशी मरतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होतात. या वाटेवर माशाचा तयार पर कुठेच लागत नाही. शिवाय वेळापत्रक गरजेनुसार बदलते. नवजात कांगारूला आईच्या पिशवीपर्यंत चढून जायचे असते. म्हणून त्याचे पुढचे पाय चांगले तयार असतात, मागचे मात्र अजून अंकुरावस्थेत.

हेकेलच्या बाजूने सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा मूत्रपिंडांचा. आपल्या गर्भात त्यांच्या एकामागून एक तीन जोड्या होतात. मानेकडचे आद्यवृक्क थोड्याच दिवसांत नाहीसे होते. त्यामागून येणारे मध्यवृक्क काही आठवडे थोडेफार मूत्र तयार करते. पाचव्या आठवड्यात सुरू होणारे पश्चवृक्क हेच आपले कायमचे मूत्रपिंड. बेडकाच्या पिल्लात पहिली जोडी काम करते, प्रौढ मासे व बेडूक बरेचसे दुसरीवर भागवतात. मग ही उजळणीच नव्हे काय?

नव्हे. आद्यवृक्काबरोबर एक नळी तयार होते. ती खाली वाढत जाते आणि तिच्याच प्रभावाने मध्यवृक्क घडते. तिच्या खालच्या टोकाला फुटणाऱ्या कोंबापासून मूत्रवाहिनी होते. तो कोंब शिरल्याशिवाय कायमचे मूत्रपिंड घडतच नाही. जुनी रचना टिकून आहे, कारण नवीचे बांधकाम तिच्यावर टेकलेले आहे.

याच नळीचा, म्हणजे वुल्फियन नळीचा, पुढे आणखी एक उपयोग होतो. मुलग्यात तिच्यापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय बनतात. मुलीत ती विरते, आणि तिच्या आधाराने खाली वाढलेल्या म्युलेरियन नळीपासून अंडनलिका व गर्भाशय होतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक गर्भात या दोन्ही जोड्या असतात. हा संबंध केवळ पुस्तकी नाही. एका बाजूचे मूत्रपिंड जन्मतः नसलेल्या मुलीच्या गर्भाशयाची रचनाही डॉक्टर तपासून घेतात, ती यामुळेच.

चित्र चुकीचे म्हणून उत्क्रांतीच खोटी, असे म्हणणारे आहेत. त्यांना उत्तर देताना चुकीच्या चित्राची पाठराखण करण्याचे कारण नाही. भ्रूणांमधले साम्य खरे आहे. फॉन बेअर यांनी १८२८ मध्येच सांगितले होते की भ्रूणात आधी समूहाची सामान्य लक्षणे दिसतात, विशेष लक्षणे नंतर; आणि भ्रूण दुसऱ्या प्राण्याच्या प्रौढ रूपासारखा नसून त्याच्या भ्रूणासारखा असतो. याला अपवाद आहेत, पण हेकेलच्या नियमापेक्षा तो वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ आहे.

तेव्हा हे चित्र वर्गात न्यायचेच असेल, तर शेजारी खऱ्या भ्रूणांची छायाचित्रे ठेवावीत आणि फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावेत. नंतर फळ्यावर तीन वृक्के आणि ती एक नळी काढावी. केवळ मूत्र वाहून नेण्यासाठी निसर्गाने नव्याने आखणी केली असती, तर आधीच्या दोन जोड्या कशाला हव्या होत्या, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. उत्क्रांतीचा धडा तिथून सुरू करता येईल.